खामगावचे गजाननराव आणि जगाची मैफल

मँचेस्टर या शहराशी वऱ्हाडचे नाते फार जुने आहे, आणि ते कापसाचे आहे. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे लागले. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत एक चिमुकला लोहमार्ग टाकला गेला, तोही याच कापसाच्या गाठींसाठी. लॉर्ड मेयो हे खुद्द व्हाइसरॉय त्याच्या उद्‌घाटनाला खामगावात आले होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका बाजारगावाला एवढा मान मिळाला तो गाठींमुळे.

याच मँचेस्टरमध्ये ११ मे १९८२ रोजी एक वेगळाच मेळा भरला. युरोपातल्या नभोवाणी आणि दूरचित्रवाणी संस्थांच्या संघाने तरुण वादकांची पहिली स्पर्धा तेथे घेतली. देशोदेशीची विशीही न गाठलेली मुले-मुली आपापल्या देशाच्या नावाने उतरली. मागे वाद्यवृंद, पुढे परीक्षक आणि घरोघरी दूरचित्रवाणी संचासमोर बसलेले प्रेक्षक असा सारा थाट. मार्कुस पाव्लिक नावाचा जर्मन पियानोवादक पहिला आला. तेव्हापासून दर दोन वर्षांनी ही स्पर्धा भरत आली आहे.

आपला देश या यादीत नाही, आणि असण्याचे कारणही नाही, कारण तो संघ युरोपचा. पण त्याआधीच्या, सर्व जगाला दार मोकळे असलेल्या स्पर्धांचे काय? वॉर्सात १९२७ पासून शोपँच्या नावाने पियानोची स्पर्धा होते. मॉस्कोत १९५८ साली चायकोव्हस्कीच्या नावाने स्पर्धा सुरू झाली आणि ऐन शीतयुद्धात व्हॅन क्लायबर्न हा तेवीस वर्षांचा अमेरिकन मुलगा ती जिंकून गेला. त्याच वर्षी लिव्हरपूलच्या वाद्यवृंद-संचालनाच्या स्पर्धेत मुंबईचा बावीस वर्षांचा झुबिन मेहता पहिला आला. ही आपल्या सर्वांच्या अभिमानाची गोष्ट. परंतु झुबिनने जिंकले ते पाश्चात्त्य संगीतात. जयपूर, किराणा, आग्रा, मैहर या घराण्यांत वर्षानुवर्षे तालीम घेणाऱ्या आपल्या तरुणांसाठी त्या दालनांत आसन नव्हते.

याला कोणाची वाईट इच्छा कारणीभूत नव्हती. त्या स्पर्धांचा पायाच लिहिलेल्या संगीतावर उभा आहे. दहा मुलांनी एकच रचना वाजवायची आणि परीक्षकांनी ती कागदावरच्या स्वरांशी ताडून पाहायची. आपल्याकडे यमन एकच, पण तो गाणाऱ्या दहा जणांचे यमन दहा. शिवाय तो किती वेळ चालावा हे गाणाऱ्याने आणि समोरच्या रसिकांनी मिळून ठरवायचे. अशा गाण्याला गुण कसे द्यायचे? १९५० च्या दशकात आकाशवाणीने तरुणांसाठी संगीत स्पर्धा सुरू केली आणि त्यातून अनेक चांगले कलावंत पुढे आले, पण ती आपल्या घरातली स्पर्धा होती. सीमेपलीकडच्या कानांपर्यंत आपल्या तरुणाचे गाणे-वाजवणे पोहोचवायचे, तर दुसरी वाट शोधायला हवी होती.

ती वाट काळ्या तबकडीची होती. त्या वाटेवर तीस वर्षांहून अधिक काळ ज्यांनी दिवाबत्ती केली, ते गृहस्थ याच कापसाच्या खामगावचे. त्यांचे नाव गोविंद नारायण जोशी. मराठी रसिक त्यांना गजाननराव म्हणत आणि ध्वनिमुद्रिकांच्या दुनियेत ते जी. एन. जोशी या नावाने ओळखले जात.

घाटाखालचा गायक, घाटावरचा कवी

गजाननरावांचा जन्म १९०९ सालचा. बुलढाणा जिल्ह्यातली माणसे आपल्या मुलखाचे दोन भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने हा भेद केला आहे. खामगाव घाटाखालचे, सपाट काळ्या जमिनीचे, सरकी आणि गाठींच्या वासाचे, व्यापारउदिमाचे. घाटावर पैनगंगेच्या काठी मेहकर. शारंगधर बालाजीच्या भव्य मूर्तीचे गाव. या मेहकरात ज्यांनी पुढे सारा जन्म काढला ते कवी ना. घ. देशपांडे, म्हणजे नागोराव घनश्याम देशपांडे, हेही १९०९ सालीच जन्मले. दोघेही कायद्याचे पदवीधर. एकाने मेहकर धरून ठेवले, दुसऱ्याने मुंबई गाठली. एका जिल्ह्याच्या या दोन मुलांनी मिळून मराठी गाण्याच्या इतिहासात एक नवे पान उलटले.

तो काळ आठवावा लागेल. नाट्यसंगीताचा बहर ओसरू लागला होता. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी पडदा बोलू लागला. मुंबईत नभोवाणी १९२७ पासून सुरू झालेली. रविकिरण मंडळाचे कवी गावोगावी आपल्या कविता गाऊन दाखवत होते आणि लोक त्या ऐकायला गर्दी करत होते. कविता गाता येते, हे लोकांना पटले होते. ती कशी गावी हे मात्र ठरायचे होते. कवी गात त्यात चाल असे, पण गाणे थोडके. गवई गात त्यात गाणे असे, पण शब्द तानांच्या गर्दीत हरवत.

१९३२ च्या सुमारास गजाननरावांनी ना. घं.ची ‘शीळ’ ही कविता स्वतः चाल बांधून ध्वनिमुद्रित केली. रानात घुमणारी शीळ आणि ती ऐकून जीव कासावीस झालेली मुलगी, एवढाच त्या कवितेचा विषय. गजाननरावांनी रागाचा अभ्यास पाठीशी ठेवला आणि पुढे शब्दांना बसवले. साडेतीन मिनिटांत एक भाव पुरा उभा राहिला. ही तबकडी घरोघरी गेली. मराठी भावगीताची सुरुवात सांगताना जाणकार आजही या गाण्यापाशी येऊन थांबतात. जे. एल. रानडे, गजानन वाटवे आणि त्यांच्यामागून आलेली मोठी परंपरा याच सुमारास आणि याच रस्त्याने चालू लागली. पुढे किराणा घराण्याची धीरगंभीर गायिका म्हणून देशभर मान मिळवलेल्या गंगूबाई हनगल तेव्हा गांधारी हनगल या नावाने गात. त्यांनीही गजाननरावांबरोबर मराठी द्वंद्वगीते ध्वनिमुद्रित केली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. गजाननरावांना यंत्रासमोर गाण्याचा अनुभव स्वतःच्या गळ्याने मिळाला होता. लाल दिवा लागला की छातीत काय होते, समोर दाद देणारे डोळे नसताना सूर कसा कोरडा पडू पाहतो, आणि जे मैफलीत तासाभरात सांगायचे ते साडेतीन मिनिटांत सांगताना काय टाकावे आणि काय ठेवावे, हे त्यांना ठाऊक होते. पुढच्या आयुष्यात हीच त्यांची खरी शिदोरी ठरली.

काचेच्या पलीकडे

१९३८ च्या सुमारास गजाननराव हिज मास्टर्स व्हॉइस, म्हणजेच एच.एम.व्ही. या कंपनीत दाखल झाले. लोकप्रिय गायकाने गाणे मागे टाकून नोकरी धरली याचे अनेकांना नवल वाटले असेल. पण आज मागे वळून पाहता वाटते, की गायक गजाननरावांनी आपल्याला दोन-चार डझन गोड गाणी दिली, आणि काचेच्या पलीकडे बसलेल्या गजाननरावांनी एक अख्खे युग जपून ठेवले.

हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण आले १९०२ साली. कलकत्त्याला फ्रेड गैसबर्ग याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा भोंग्यात तोंड घालून गावे लागे. १९२५ नंतर विजेवर चालणारा मायक्रोफोन आला आणि १९२८ साली कलकत्त्याजवळ डमडमला कंपनीचा मोठा कारखाना उभा राहिला. मुंबईत गाणे मुद्रित व्हायचे आणि तबकड्या डमडमला निघायच्या. यंत्र सुधारले तरी बुजुर्ग गवयांची भीती गेली नव्हती. यंत्र गळा खेचून घेते, घराण्याची विद्या चोरांच्या हाती पडते, पानाच्या ठेल्यावर आपले गाणे वाजले तर आपली किंमत काय राहते, अशा नाना शंका. त्या सगळ्याच खुळ्या होत्या असे नाही. आयुष्यभर जपलेली बंदिश एका तबकडीने बाजारात जाते, ही भीती खरी होती.

अशा कलावंतांना राजी करणे हे कारकुनी काम नव्हते. त्याला गाणे कळणारा, अदब पाळणारा आणि वेळ द्यायला तयार असलेला माणूस लागतो. बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ, बेगम अख्तर यांसारख्या कलावंतांशी गजाननरावांचा जो घरोबा जमला तो या गुणांवर. अमीर खाँसाहेबांची गायकी तर साडेतीन मिनिटांत मावणारीच नव्हती. अतिविलंबित लयीत एकेक स्वर उलगडत जाणाऱ्या त्या गाण्याला मोठी तबकडी हवी होती. अमेरिकेत १९४८ साली लाँग प्लेइंग रेकॉर्ड निघाली आणि यथावकाश ती आपल्याकडे आली, तेव्हा १९६० साली खाँसाहेबांच्या मारवा आणि दरबारीची एल.पी. निघाली. खाँसाहेबांना तिच्यासाठी राजी करण्यात गजाननरावांचा वाटा होता. आज मारवा शिकणारा कोणत्याही घराण्याचा विद्यार्थी असो, त्या तबकडीवरून त्याला जावेच लागते.

तरुणांचे देणे

परंतु या लेखाचा विषय तरुणांचा आहे. बुजुर्गांचे नाव आधीच झालेले असते. तबकडी त्यांचे नाव टिकवते. तरुणाला तबकडी नाव देते. भीमसेन जोशी विशीच्या उंबरठ्यावर होते तेव्हा, १९४० च्या दशकाच्या आरंभी, त्यांची पहिली तबकडी एच.एम.व्ही.ने काढली. गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकरांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे आपले डी. व्ही., यांच्या तबकड्याही याच कंपनीच्या.

डी. व्हीं.ची गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे, कारण तरुण कलावंताच्या हातून देशाचे प्रतिनिधित्व घडते ते कसे आणि त्यातून मागे काय उरते, हे तिच्यातून कळते. जन्म १९२१ चा. वडील गेले तेव्हा दहा वर्षांचे. पुढे वडिलांच्याच शिष्यांनी शिकवले. आवाज असा निर्मळ, की तीन मिनिटांच्या तबकडीत राग आरशासारखा दिसावा. १९५५ साली भारताचे सांस्कृतिक शिष्टमंडळ चीनला गेले, त्यात त्यांची निवड झाली. तेथून परतल्यावर थोड्याच काळात मेंदूज्वराने त्यांना गाठले आणि २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले. पेइचिंगच्या रंगमंचावर ज्यांनी ते गाणे ऐकले त्यांच्या टाळ्या हवेत विरल्या. आपल्यापाशी राहिले ते तबकड्यांत आणि नभोवाणीच्या फितींत साठवले गेले तेवढेच. तरुण गायकाचे ध्वनिमुद्रण म्हणजे कंपनीचा नफा-तोटा एवढाच हिशेब मांडणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. उद्या करू म्हणून जे टाळले जाते, ते कधी कधी कायमचे टळते.

तीन तरुण आणि एक दरी

१९५५ साली आणखी एक गोष्ट घडली. अली अकबर खाँ अमेरिकेला गेले आणि त्यांच्या सरोदची एल.पी. तेथे निघाली, ओळख करून देणारा आवाज यहुदी मेन्युहिन या थोर व्हायोलिनवादकाचा. पश्चिमेचे दार तेव्हा किलकिले झाले. पुढे रविशंकरांनी ते सताड उघडले. १९६७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या मेळ्यात हजारो तरुणांनी त्यांची सतार ऐकली. पण अली अकबर आणि रविशंकर तेव्हा पंचेचाळिशीच्या घरात होते, मैहरच्या तपश्चर्येतून तावूनसुलाखून निघालेले. त्यांच्यामागून येणाऱ्या पिढीला जगाने कुठे ऐकायचे?

त्याच १९६७ साली एच.एम.व्ही.ने ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही एल.पी. काढली. तिचे निर्माते होते जी. एन. जोशी. वादक तिघे: संतूरवर जम्मूचे शिवकुमार शर्मा, बासरीवर अलाहाबादचे हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा. तबल्याच्या साथीला माणिकराव पोपटकर. पहिले दोघे १९३८ सालचे आणि काबरा १९३७ चे. तिघेही तिशीच्या आसपास.

या निवडीतला धोका आज कळणे कठीण आहे. संतूर हे काश्मीरच्या सूफियाना संगीतातले वाद्य. त्याच्यावर मींड निघत नाही, तेव्हा त्याला रागदारीत स्थान काय, असे १९५५ साली मुंबईच्या मैफलीत तरुण शिवकुमारांना जाणकारांकडून ऐकावे लागले होते. गिटार तर परदेशी; मांडीवर आडवी ठेवून, तारेवरून कांडी फिरवत ती रागात बसवायची हा काबरांचा ध्यास. बासरीला पन्नालाल घोषांनी मैफलीचा मान मिळवून दिला होता, पण ते १९६० साली गेले आणि त्यांची जागा रिकामी होती. हरिप्रसाद हे कुस्तीगिराचे चिरंजीव. कटकच्या आकाशवाणी केंद्रावरून मुंबईला आलेले आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे. मान्यता न मिळालेली दोन वाद्ये आणि वारस शोधणारे तिसरे, असा हा संच. कोणत्याही कडक परीक्षकाने पहिल्याच फेरीत बाजूला काढावा असाच!

गजाननरावांनी त्यांना एकमेकांशी झुंजायला लावले नाही. एका गोष्टीत गुंफले. काश्मीरच्या दरीतल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत. पहाटेला अहिरभैरव आणि नटभैरव, पुढे पिलू, मग भूप, देस आणि शेवटी पहाडी. आपल्या रागांना वेळ असते ही गोष्ट परदेशी श्रोत्याला व्याख्यान देऊन समजत नाही. या तबकडीने ती त्याला न सांगता समजावली. सूर्य उगवतो, चढतो, मावळतो, आणि त्याबरोबर राग बदलतात. ज्याला आरोह-अवरोह ठाऊक नाही तोही या दिवसातून चालत जातो.

येथे ‘शीळ’ आठवते. साडेतीन मिनिटांत रान, मुलगी आणि एक हुरहुर उभी करणारा तरुण आता अठ्ठावन्न वर्षांचा होता, आणि तीच युक्ती तो शब्दांवाचून वापरत होता. रागाचा कस न सोडता एक भाव पुढे ठेवायचा. भावगीताने त्याला हे शिकवले होते. शास्त्रोक्त संगीताच्या कर्मठ उपासकांना ही तडजोड वाटली; अजूनही काहींना वाटते. त्यांचा आक्षेप समजण्यासारखा आहे. चार-दोन मिनिटांच्या भूपात विस्ताराला जागा कुठली? पण ही तबकडी ऐकून कित्येकांनी पुढे तासाभराचा भूप ऐकला, ही बाजूही जमेस धरायला हवी.

तबकडी जगभर गेली. १९६८ च्या जानेवारीत बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला आणि फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत आपल्या संगीताचे ध्वनिमुद्रण करून गेला. त्या वादकांत शिवकुमार होते, हरिप्रसादही होते. तेथेच मुद्रित झालेल्या वाद्यसंगीतावर बेतलेले ‘द इनर लाइट’ हे गीत त्याच वर्षी मार्चमध्ये बीटल्सच्या एका तबकडीच्या मागच्या बाजूला आले. तिशीतल्या आपल्या वादकांचे सूर असे लंडन-न्यूयॉर्कच्या घराघरांत पोहोचले. पुढची चार-पाच दशके हे दोघे जगातल्या मोठमोठ्या रंगमंचांवर वाजवत राहिले. काबरा २०१८ साली गेले, शिवकुमार २०२२ साली. संतूरला रागदारीत स्थान काय, हा प्रश्न विचारणारा आज शोधून सापडणार नाही.

हिशेब

निवृत्तीनंतर गजाननरावांनी आपल्या आठवणी लिहिल्या. मराठीत ‘स्वरगंगेच्या तीरी’ आणि इंग्रजीत १९८४ साली ‘डाऊन मेलडी लेन’. कलावंतांचे स्वभाव, रुसवेफुगवे, मोठेपण यांची ती चित्रशाळाच आहे. २२ सप्टेंबर १९९४ रोजी ते गेले. ना. घ. मेहकरातच राहिले, ‘खूणगाठी’ या संग्रहाला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, तरी त्यांनी गाव सोडले नाही. २००० साली तेही गेले. ‘शीळ’ मात्र दोघांनाही पुरून उरली आहे.

स्पर्धेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ती तरुणाला तारीख देते, मेहनतीला टोक देते, एका रात्रीत नाव करते. झुबिन मेहतांची वाट लिव्हरपूलने सोपी केली, हे खरेच. पण स्पर्धेला पहिला, दुसरा, तिसरा हवा असतो. संतूर, बासरी आणि गिटार घेऊन आलेल्या तिघांत पहिला कोण, हे ठरवण्याच्या फंदात गजाननराव पडले नाहीत. तिघांना एकत्र बसवले तर काय होईल, याचा विचार त्यांनी केला. अशी नजर असलेला माणूस ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसलेला असणे, ही कोणत्याही देशाच्या संगीताची मोठी मिळकत होय.

आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. चिखलीच्या किंवा नांदुऱ्याच्या मुलीने सकाळी गायलेला तोडी दुपारी टोरांटोत ऐकता येतो. तबकडीची वाट आता राजरस्ता झाली आहे आणि तीवर अलोट गर्दी आहे. या गर्दीत कमी आहे ती काचेच्या पलीकडे बसून ऐकणाऱ्याची. काय ठेवावे, काय टाकावे, कोणाला कोणाशेजारी बसवावे आणि अजून नाव न झालेल्या कोणावर पैज लावावी, हे ज्याला कानाने कळते असा माणूस यंत्राबरोबर येत नाही. खामगावच्या गाठी मँचेस्टरला गेल्या आणि त्यांचे कापड होऊन परत आले, तेव्हा किंमत ठरवणारे तिकडचे होते. गजाननरावांनी इथल्या तरुणांचे सूर पाठवले, तेव्हा त्यांची पारख इथेच झालेली होती. जिल्ह्याने आपल्या या लेकाची आठवण ठेवायची तर ती एवढ्यासाठी ठेवावी.